अंगणाचा हिशेब : चार्ल्स कोरिया यांच्या बेलापूर वसाहतीचे परीक्षण

कवितेतील एखादा शब्द अस्थानी पडला, तर त्यावर चार पाने लिहिणारे टीकाकार मराठीत आहेत. परंतु ज्या घरांत आणि ज्या रस्त्यांवर आपले आयुष्य जाते, त्यांच्या रचनेविषयी समीक्षकाच्या जबाबदारीने लिहिण्याची चाल आपल्याकडे फारशी रुजली नाही. इमारत पुरी झाली की तिचे उद्‌घाटन होते, छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि विषय तेथेच संपतो. वास्तविक इमारतीचे परीक्षण माणसे राहावयास आल्यानंतर सुरू व्हावयास हवे. वसाहतीच्या बाबतीत तर एक पिढी उलटल्यावाचून काही म्हणूच नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या दृष्टीने पाहता चार्ल्स कोरिया यांच्या कार्यालयाने १९८३ ते १९८६ या काळात नवी मुंबईत बेलापूर येथे उभारलेली गृहवसाहत आता परीक्षणास योग्य झाली आहे.

परीक्षण कोठे उभे राहून करावयाचे, हाही प्रश्न आहेच. मुंबईकराच्या दृष्टीने बेलापूर म्हणजे महानगराचा विस्तार. परदेशी अभ्यासकाच्या दृष्टीने ते अल्प खर्चाच्या घरांचे एक गाजलेले उदाहरण. येथे ही वसाहत भिवंडी तालुक्यातील दिघाशी या गावाच्या बाजूने पाहण्याचे योजिले आहे. दिघाशीचे नाव नगररचनेच्या ग्रंथांत येण्याचे काही कारण नाही, आणि कोरियांच्या कार्याशी त्याचा प्रत्यक्ष संबंधही नाही. तथापि बेलापूर आणि दिघाशी ही दोन्ही ठिकाणे ठाणे जिल्ह्यातच मोडतात. आणि १९७० च्या सुमारास बेलापूरच्या आसपासच्या गावांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तोच आज भिवंडी तालुक्यातील गावांपुढे येऊ घातला आहे. शहर गावाकडे येऊ लागले म्हणजे गावाने काय करावे, आणि शहराची आखणी करणाराने गावाला काय द्यावे, हा तो प्रश्न होय. कोरियांनी आपल्या वसाहतीचा आधार ग्रामीण अंगणात शोधला, असे नेहमी सांगितले जाते. मग ज्या गावांत ते अंगण अद्याप आहे, तेथून या वसाहतीकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) हे मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले. जन्म सिकंदराबादेचा, उच्च शिक्षण अमेरिकेत, आणि १९५८ पासून मुंबईत स्वतंत्र व्यवसाय. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय, पणजीची कला अकादमी, पुण्याच्या विद्यापीठ परिसरातील आयुकाची वास्तू, भोपाळचे विधान भवन ही त्यांची कामे सर्वपरिचित आहेत. या सर्वांत एक सूत्र पुनःपुन्हा येते. उष्ण प्रदेशात आकाशाखालची मोकळी जागा ही घराच्या बाहेरची जागा नसून ती घरातलीच एक खोली आहे, असे ते मानीत. मुंबईच्या हवेत स्वयंपाक, झोप, पाहुण्यांची बैठक या गोष्टी वर्षाचा बराच काळ छपराशिवाय चालतात. म्हणून गरिबाला चार भिंतींची खोली देऊन भागत नाही. त्याला दाराबाहेरची हातभर जागाही दिली पाहिजे. ती दिली तर खोली लहान असली तरी चालते. उंच इमारतींत गरिबांना कोंबण्यास त्यांचा विरोध होता तो केवळ सौंदर्यदृष्टीने नव्हे. मजले वाढविले म्हणजे त्याच प्रमाणात जमीन वाचते, हा समज हिशेबाने टिकत नाही असे ते दाखवून देत. कारण माणसे वाढली की रस्ते, शाळा आणि मैदाने यांसाठी लागणारी जमीन वाढतेच.

मोकळ्या जागेची त्यांनी एक चढती श्रेणी मानली होती. प्रथम कुटुंबाचे खाजगी अंगण, नंतर उंबरठ्यापुढची जागा जेथे मुले खेळतात आणि शेजारणी बोलतात, त्यानंतर गावाची विहीर किंवा शहरातला नळ, आणि शेवटी मैदान. यांपैकी एखादी जागा काढून घेतली तर तिचे काम दुसरीवर येऊन पडते. चाळीच्या गॅलरीत आयुष्य काढलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

याच सूत्राची दोन रूपे जवळजवळ एकाच वेळी पाहावयास मिळतात. मुंबईच्या कंबाला हिलवरील ‘कांचनजंगा’ ही ८४ मीटर उंचीची, अवघ्या ३२ सदनिकांची इमारत १९८३ साली पुरी झाली. तिच्यातील प्रत्येक सदनिकेला दोन मजले उंचीची एक मोकळी गच्ची आहे; म्हणजे श्रीमंताच्या घराला आकाशात टांगलेले अंगणच. त्याच वर्षी बेलापूरचे काम सुरू झाले. एकाच कार्यालयात काही काळ दोन्हींचे नकाशे टेबलावर पडलेले असतील, ही कल्पना मोठी बोलकी आहे. कोरियांवर दुटप्पीपणाचा आरोप येथून करता येईल. पण तो उथळ होईल. अंगणाचा हक्क सर्वांचा आहे, हे तत्त्व त्यांनी दोन्हीकडे सारखेच पाळले. फरक इतकाच की, एके ठिकाणी त्या तत्त्वाची किंमत गिऱ्हाईक देत होते आणि दुसरीकडे ती जमिनीच्या वाटणीतून निघावयाची होती.

आता वसाहतीकडे वळू. जागा सुमारे सहा हेक्टर, मधून वाहणारा एक ओढा, आणि साडेपाचशेच्या आसपास कुटुंबे. मुक्त जागा आणि शाळा धरून हेक्टरी पाचशे माणसांची दाटी येथे साधली आहे, आणि तीही तळमजला व वर एखादा मजला एवढ्यातच. रचना अशी : सात घरे मिळून सुमारे ८ मीटर लांबीरुंदीचा एक चौक, असे तीन गट मिळून २१ घरांच्या मध्ये सुमारे १२ मीटरांचा चौक, आणि असे तीन मिळून त्याहून मोठा, सुमारे २० मीटरांचा चौक. अशा रीतीने लहानाकडून मोठ्याकडे जात जात शेवटी ओढ्याकाठची सार्वजनिक जागा येते. प्रत्येक घर आपापल्या तुकड्यावर स्वतंत्र उभे आहे. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही. उतरती कौलारू छपरे, साधी बांधणी, गावातल्या गवंड्याला आणि सुताराला करता येईल अशी. नोकरदार मनुष्य आज एक खोली बांधील, मुलगा मिळवता झाला की दुसरी काढील, या अपेक्षेने ही योजना केलेली होती.

परंतु या रचनेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट चौकांची भूमिती नव्हे. ती तुकड्यांच्या आकारमानात आहे. सर्वांत लहान तुकडा सुमारे ४५ चौरस मीटरांचा आणि सर्वांत मोठा सुमारे ७५ चौरस मीटरांचा आहे. उत्पन्नांत कितीही अंतर असले तरी जमिनीत एवढेच. शहरात माणसामाणसांतील विषमता पगारापेक्षा जमिनीत अधिक कठोरपणे व्यक्त होते, हे ओळखून या नकाशात ती विषमता जवळजवळ पुसून टाकलेली आहे. घर कोणी कसेही बांधो. पायाखालची भूमी मात्र सर्वांना थोड्याफार फरकाने सारखी. आपल्याकडे समतेवर भाषणे पुष्कळ झाली. परंतु ती चौरस मीटरांत मांडून दाखविणारे नकाशे फार थोडे आहेत.

पुढे काय झाले? आज या वसाहतीत जाणाराला मूळची कौलारू घरे शोधावी लागतात. अनेक घरे पाडून त्यांच्या जागी दोन-दोन, तीन-तीन मजल्यांची काँक्रीटची घरे उठली आहेत. कोठे रंगीत फरशा, कोठे काचा, कोठे खांबांची नक्षी. राहावयास आले ते बहुतांशी मध्यमवर्गीय, आणि जमिनीचे मोल जसजसे चढत गेले तसतसे अधिक ऐपतीचे लोक आले. यावरून पुष्कळ अभ्यासकांनी वसाहत फसली असा निष्कर्ष काढला. काहींनी उलट, लोकांनी घरे बदलली हेच योजनेचे यश असे म्हटले. हे दोन्ही अभिप्राय घाईचे वाटतात. घरे वाढतील हे कोरियांनी गृहीतच धरले होते. तेव्हा ती वाढली यात अपयश नाही. पण जे झाले ते वाढणे नव्हे. एका खोलीस दुसरी खोली जोडणे निराळे, आणि जुने घर समूळ पाडून त्याच तुकड्यावर तिप्पट आकाराचे घर चढविणे निराळे. पहिल्यात कुटुंबाचा इतिहास भिंतींत राहतो. दुसऱ्यात तो गाडीतून डबर म्हणून बाहेर जातो.

असे असूनही एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरे गेली, पण चौक राहिले. सातांच्या मधला, एकवीसांच्या मधला, त्याहून मोठा, असे हे चौक नव्या उंच भिंतींच्या मध्येही जागच्या जागी आहेत. कोठे त्यांत झाडे वाढली, कोठे वाहने उभी राहतात; पण ते बुजले नाहीत. ज्या शहरात दोन इमारतींमधली गल्लीसुद्धा छपराखाली जाते, त्या शहराच्या शेजारी हे घडले. याचे कारण शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखकास ते असे दिसते : सात घरांचा चौक हा कोणा एकाचा नसला तरी ‘सर्वांचा’ही नाही, तो सातांचा आहे. त्यावर एकाने भिंत घातली तर उरलेले सहा दारातूनच पाहतात. महापालिकेच्या मालकीच्या मोठ्या उद्यानाला असा राखणदार मिळत नाही. म्हणून या वसाहतीचा खरा आराखडा घरांचा नव्हताच, तो चौकांचा होता. घरे ही त्या चौकांच्या कडेची तात्पुरती भरती होती. ग्रंथांतून मात्र नेमकी कौलारू घरांची छायाचित्रे छापली जातात, आणि ती घरे गेली म्हणून हळहळ केली जाते! वास्तुकलेचे टीकाकार कविता सोडून तिच्या मुखपृष्ठावर बोलतात, ते असे.

येथेच ‘गाव’ या कल्पनेचा विचार करावा लागतो. वसाहतीला लोक ‘आर्टिस्ट व्हिलेज’ म्हणतात. पण कोकणच्या उत्तर भागातले गाव म्हणजे अशा सात-सात घरांची सरमिसळ नव्हे. तेथे आळी असते ती भाऊबंदांची. आगरी, कुणबी यांची वस्ती गावठाणात, वारल्यांचे पाडे आणि कातकऱ्यांच्या वाड्या गावठाणाबाहेर. अंगणात कोणी यावे आणि कोणी ओटीच्या खालीच थांबावे, हे सर्वांना पाठ असते. ग्रामीण अंगणाची महती गाताना ही वाटणी विसरली जाते. बेलापूरच्या चौकात जे सात कुटुंबांचे मीलन योजले आहे ते गावाचे अनुकरण नाहीच. ते गावाला कधी जमले नाही असे काहीतरी आहे. अंगण घेतले आणि भाऊकी टाकली, हे त्या योजनेचे मोठेपण. ते तिच्या पुरस्कर्त्यांनीही पुरेसे बोलून दाखविलेले नाही, कारण गावाचा मोह सुटत नाही.

परंतु हेच मोठेपण वसाहतीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकताच संपते, आणि आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. नवी मुंबईची कल्पना कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६४ साली मांडली. ‘मार्ग’ या त्रैमासिकाने १९६५ साली तिला प्रसिद्धी दिली. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, मुंबईची उत्तर-दक्षिण कोंडी फोडावी, आणि जमीन आधी सार्वजनिक मालकीची करून तिच्या वाढत्या मोलातूनच शहराचा खर्च भागवावा, असा तो विचार होता. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि पहिली काही वर्षे कोरिया तिचे मुख्य वास्तुविशारद होते. सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश आणि ९५ गावे या योजनेत आली. राज्यशासनाने आपला कारभार मुंबईतून नव्या शहरात हलविला असता तर शहराला लवकर जीव आला असता, ही कोरियांची तक्रार रास्तच होती. पण गावांची तक्रार याहून जुनी आणि खोल होती. भाताची खाचरे आणि मिठागरे संपादनात गेली. मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला. आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांना प्राण द्यावे लागले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के जमीन मूळ शेतकऱ्यांना परत देण्याचे धोरण त्या लढ्यातून निघाले.

या तारखा बेलापूर वसाहतीच्या तारखांशी जुळवून पाहाव्यात. १९८३ ते १९८६ या काळात एकीकडे जमिनीच्या समान वाटणीचा हा आदर्श नमुना बांधला जात होता, आणि त्याच नव्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, ज्यांची जमीन होती त्यांना तिच्यातला किती वाटा मिळावा यासाठी माणसे मरत होती. यात कोरियांचा वैयक्तिक दोष आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८४ मध्ये ते सिडकोत नव्हते, आणि संपादनाचा दर वास्तुविशारद ठरवीत नाही. तथापि १९६४ च्या प्रस्तावाचा पायाच मुळी जमिनीच्या मोलवाढीवर होता. ती मोलवाढ शहराला मिळावी हे त्यात स्पष्ट होते. तीत गावाचा भाग कोणता, हे नव्हते. नकाशाच्या आतील माणसासाठी समतेचा इतका सूक्ष्म विचार करणारी बुद्धी नकाशाखालच्या माणसापाशी थांबते, हे नमूद करावेच लागते.

आणखी एक विसंगती आहे, ती अधिक सूक्ष्म आणि आमच्या मते अधिक उद्‌बोधक आहे. संपादनानंतर गावठाणे तेवढी राहिली. भोवतालची शेते गेली. कुटुंबे वाढली. मुलांची लग्ने झाली, घरे पुरेनात. लोकांनी घराला खोली जोडली, खोलीवर माडी चढविली, परसात भाड्याची चाळ काढली, आणि गावठाणाची जुनी रेषा ओलांडली. नवी मुंबईत यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव पडले आहे. ती नियमित करण्यासाठी शासनाला एकाहून अधिक वेळा निर्णय काढावे लागले, आणि वाद अजून निवळलेला नाही. आता पाहा : कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वाढणारे घर, स्थानिक गवंड्याने बांधलेले, उत्पन्नाची सोय घरातच करणारे, ही सारी तत्त्वे कोरियांनी आपल्या ‘द न्यू लँडस्केप’ (१९८५) या ग्रंथात पुरस्कारिलेली आहेत. बेलापूरच्या वसाहतीत तीच गोष्ट तत्त्व म्हणून गौरविली गेली; हाकेच्या अंतरावरील गावठाणात ती अनधिकृत बांधकाम ठरली. फरक घरांत नव्हता. एका ठिकाणी वाढीची जागा आधीच आखून ठेवली होती, आणि दुसऱ्या ठिकाणी वाढ होईल हे कोणी लक्षातच घेतले नव्हते. गावठाण म्हणजे जणू पूर्ण झालेली, गोठलेली वस्तू, असे धरून तिच्या भोवती रेघ मारली गेली.

म्हणून दिघाशीच्या बाजूने पाहण्याचे महत्त्व. भिवंडी तालुक्याचे शहरीकरण बेलापूरसारखे आखून झालेले नाही. भिवंडी शहर यंत्रमागावर वाढले. त्यानंतर मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत, स्वस्त जमीन म्हणून गोदामे आली. २०१७ साली जकात गेली तरी गोदामे राहिली आणि वाढली. शेतकऱ्याने खाचरात भराव टाकावा, पत्र्याची गोदामे उभी करावीत आणि भाडे घ्यावे, हा येथला रिवाज झाला. २००७ साली भिवंडीलगतच्या ५१ गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नियोजनाचा अधिकार देण्यात आला, तेव्हा गोदामे आधीच उभी होती. नियोजन मागाहून आले. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोक याच तालुक्यात आमणे येथे आहे, आणि त्याचा शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला. तालुक्यातील आतली गावेही आता फार काळ आत राहणार नाहीत.

बेलापुरात जमीन गेली आणि मोबदल्यासाठी झगडावे लागले; भिवंडीत जमीन पुष्कळांच्या हाती राहिली, पण तिच्यावर गाव उभे राहिले नाही, गोदाम उभे राहिले. पहिल्यात योजना होती आणि गावाचा वाटा नव्हता. दुसऱ्यात वाटा आहे आणि योजना नाही. पत्र्याच्या दोन गोदामांमध्ये जी जागा उरते ती मालमोटार वळविण्यापुरती. तिला चौक म्हणता येत नाही. कोरियांच्या कार्याचा विचार भिवंडीत करावयाचा तर कौलारू घराचा नमुना उचलून चालणार नाही. घर कसे बांधावे हे दिघाशीच्या माणसाला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. ओटी, माजघर, परसदार यांचे ज्ञान त्याच्यापाशी पिढीजात आहे, आणि काँक्रीटचेही आता आहे. उचलावयाचा असेल तर जमिनीचा हिशेब उचलावा. गावठाणाची पुढली वाढ किती कुटुंबांची होईल हे आधी मोजणे, त्या वाढीसाठी लहान पण जवळजवळ सारखे तुकडे राखणे, पाड्यांचे आणि वाड्यांचे तुकडे त्याच मापाने धरणे, आणि सात-आठ घरांच्या मध्ये त्या सात-आठांच्याच नावे एक चौक सोडणे. कागदावर हे काम अगदी लहान दिसते. चौक सातबाऱ्यावर कोणाच्या नावे चढवावयाचा, हे तलाठ्याला विचारले की ते किती मोठे आहे ते कळते.

बेलापुरात या प्रश्नाची गरज पडली नाही, कारण जमीन एकाच संस्थेची होती आणि तिने ती वाटली. गावात जमीन वीस भावांची असते. त्यांतला एक मुंबईला, दोघे भिवंडीच्या कारखान्यात, चौघांचा दावा न्यायालयात. या वीस जणांनी मिळून आपल्या जमिनीतला ८ मीटरांचा तुकडा कोणाचाच न ठेवता सर्वांचा ठेवावा, यासाठी लागणारी रचना कायद्याची आहे, रेखाटनाची नाही. कोरियांच्या कार्यालयाने रेखाटनाचा भाग कसाला लावून दाखविला आहे, आणि चाळीस वर्षांच्या वापरातही तो उतरला. कायद्याचा भाग अद्याप कोणीच हातात घेतलेला नाही.